साक्षीदार ‘अ’

भरत प्यायला की आधी गायचा, मग रडायचा आणि मग कुणाला तरी मारायचा. आळे गावात हा क्रम सगळ्यांना पाठ होता, त्यामुळं तो रडायला लागला की माणसं हळूच काढता पाय घ्यायची. एरवी गडी कामाचा. फोरनाटसेव्हन टेम्पोत भाजी भरून वाशीला न्यायचा, वाटेत कुणी म्हातारं माणूस पायी दिसलं तर गाडी थांबवून वर घ्यायचा. पण बाजारच्या दिवशी फाट्यावर पाय ठेवला की त्याचं काही खरं नसायचं. फाट्यावरच्या गेणभाऊच्या चहाच्या हॉटेलाच्या काचा त्यानं दोन वर्षांत तीनदा फोडल्या होत्या. हॉर्न जोरात वाजवला म्हणून दुधाची गाडी अडवून कॅन रस्त्यावर ओतले होते. एका एसटी कंडक्टरला दारातून खाली ओढून बडवला होता. दर वेळी पोलीस न्यायचे, चॅप्टर केस व्हायची, कचेरीत चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर भरत सही ठोकायचा. मग जानकू त्याला मोटारसायकलवर मागं बसवून घरी आणायचा, आणि आठ-पंधरा दिवस घर शांत असायचं.

जानकू भरतचा लहानपणापासूनचा जोडीदार. फाट्यावर त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं यायच्या. तांब्याची तार तो बोटांवर अशी खेळवायचा की बघणाऱ्याला वाटावं, बाई गजरा गुंफतेय. स्वतः सुपारीसुद्धा खात नसे. पण भरतला कुणी नावं ठेवली की तिथून उठून जायचा. भरतची बायको साधना त्याला म्हणायची, “भावजी, तुमीच लाडावून ठिवलंय ह्यांना.” तो हसून म्हणायचा, “मी सोडला तर त्याला धरनार कोन, वहिनी?”

साधनाचं माहेर अवसरी बुद्रुकचं. लग्न होऊन सात वर्षं झाली होती, आरोही पाच वर्षांची होती. नवऱ्याचा मार तिनं खाल्ला होता, पाठीवर, दंडावर. तो तिनं कुणाला दाखवला नाही आणि त्याबद्दल तक्रारही केली नाही. तक्रार करावीशी वाटली ती शहाण्णव सालच्या वैशाखात, गेणभाऊच्या पुतणीच्या लग्नात.

वरात देवळाकडून परत निघाली होती. भरत कोपऱ्यावर उभा होता, डोळे पुसत. गेणभाऊनं बँडवाल्यांना हात करून त्याच्यापासून लांबून न्यायला सांगितलं, तेवढं निमित्त झालं. भरतनं खाली वाकून फरशीचा तुकडा उचलला आणि गेणभाऊच्या दिशेनं भिरकावला. तो लागला गेणभाऊच्या मुलीला, वृषालीला. चौदा-पंधरा वर्षांची पोर, डोक्यावर समई घेऊन चालली होती. समई पडली, पोर पडली. साधना दहा पावलांवर होती. तिनं धावत जाऊन पोरीला उचललं तेव्हा डावा डोळा कुठं आहे आणि रक्त कुठं आहे ते कळत नव्हतं.

डोळा गेला नाही, पण दिसायचं कमी झालं. चार दिवसांनी साधना तिला बघायला गेली आणि तिच्याजवळ बसून रडू लागली. वृषाली म्हणाली, “काकू, तुमी कशाला रडता? तुमी काय केलंय?” साधनाला ते जिव्हारी लागलं. घरी येताना तिच्या मनात एकच घोळत होतं, मी काहीच केलेलं नाही, हीच तर गोष्ट आहे.

गेणभाऊनं पोलिसांना सांगितलं, पोरगी ठेच लागून पडली. वऱ्हाडातल्या दोनशे माणसांपैकी एकानंही काही पाहिलं नव्हतं. हवालदार पोलीस पाटील कुशाबाच्या ओट्यावर बसून वैतागून म्हणाले, “ह्याला तडीपार करायचा प्रस्ताव चाललाय. पर गावच आंधळं झालंय तर आम्ही काय करनार?” कुशाबाच्या बायकोनं ते बोलणं नळावर सांगितलं.

आठवड्यानं साधना माहेरी गेली. वडिलांना, भिमाजींना, तिनं सगळं सांगितलं. भिमाजी विड्याचं पान हातात धरून बसले. मग म्हणाले, “पोरी, तुजा संसार हाय. मी न्हाई म्हननार न्हाई आन् हो बी म्हननार न्हाई. जायाचं तर मी संगं येतो.” दुसऱ्या दिवशी बापलेक ठाण्यात गेले.

हवालदारांनी तिला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. “ताई, तुमचं नाव कागदावर कुठंच यायचं नाही. भीतीपोटी जे उघड बोलत नाहीत त्यांचा जबाब गुप्त असतो. कागदावर तुम्ही ‘साक्षीदार अ’. दुसरा कुनी मिळाला तर तो ‘ब’.” साधनानं सगळं सांगितलं. फरशीचा तुकडा सांगितला. लग्नाच्या आदल्या दिवशी गोठ्यामागं भरत जानकूला काय म्हणाला तेही सांगितलं. ती चुलीपाशी होती, खिडकीतून तिला ऐकू आलं होतं. “उद्या वरातीत गेन्याला दाखवतो मी कोन हाय ते,” असं तो म्हणाला होता आणि जानकूनं “गप बस, येडा हायेस का” म्हणून त्याला दटावलं होतं. मोठे साहेब येऊन त्यांनी पुन्हा विचारलं, खरं का? ती म्हणाली, खरं. कागदावर तिनं सही केली.

परत येताना एसटीत तिला हलकं वाटत होतं. तिला नवरा घालवायचा नव्हता, नवऱ्याची दारू घालवायची होती. दोन वर्षं फाट्यापासून, त्या कोंडाळ्यापासून लांब राहिला तर माणूस सुधारेल, असा तिचा हिशेब होता. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता, हे तिचं दुर्दैव.

नोटीस आली, सुनावण्या झाल्या. वकील जानकूनं बघून दिला. तारखेला भरतबरोबर तोच जायचा. गौरी उठल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी प्रांतसाहेबांचा हुकूम घेऊन जीप दारात आली. दोन वर्षांसाठी पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या हद्दीबाहेर. भरतची आई कोंडाबाई जीपच्या दाराला धरून राहिली. “माज्या लेकानं कुनाचा खून केला व्हय रे? न्हेताय कुटं त्याला?” भरत त्या दिवशी शुद्धीवर होता. त्यानं आरोहीला उचलून घेतलं, परत खाली ठेवलं, आणि जानकूला म्हणाला, “टेम्पो तुज्या हाती. घराकडं ध्यान ठिव.” साधनाकडं त्यानं पाहिलं तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला होता. ती खरंच रडत होती. ह्यात खोटं काही नव्हतं, आणि तरी पुढं कितीतरी वर्षं त्या पदराची तिला लाज वाटत राहिली.

भरतनं ठाणे जिल्ह्याची बाजू धरली. घाटघरचा भागू दर साल बायकोला, सोनीबाईला घेऊन कांदा काढायला आळ्यात यायचा, कोंडाबाईच्या पडवीत महिनाभर राहायचा. भागूचा मेव्हणा नाणेघाटाच्या खाली, मुरबाड तालुक्यात. त्याच्या ओळखीनं भरतला एका बागायतदाराकडं राखणीचं काम मिळालं. चिकूची झाडं, एक विहीर, एक खोपी. जवळपास दारूचं दुकान नव्हतं असं नाही, पण संगत नव्हती, आणि मालक सकाळी सहाला दारात उभा असायचा.

दसऱ्यानंतर भागूचा निरोप आला, भरतभाऊ भेटायला बोलावतायत. साधना पहाटेच्या एसटीनं जुन्नरला, तिथून घाटघरच्या गाडीनं डोंगरात गेली. भात कापणीला आलं होतं. सोनीबाईनं तिला नाचणीची भाकरी खायला घातली आणि भागू तिला घेऊन खिंडीकडं निघाला. खिंडीच्या तोंडाशी थांबून म्हणाला, “वैनी, हितून वर पुनं, खाली ठानं. भाऊ वर पाय टाकीत न्हाईत. मी किती डाव म्हनलं, हितं कोन बघतंय? तं म्हनत्यात, नगं, हुकूम हाय.”

ती दगडी पायऱ्यांनी थोडी खाली उतरली. एका कातळाच्या सावलीत भरत बसला होता. वाळला होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट, डोळ्यांतली लाली गेलेली. तिला पाहून उठून उभा राहिला. लग्न ठरवायला आला होता तेव्हा असाच उभा राहिला होता, हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा.

“दीड म्हैना झाला,” तो म्हणाला. “थेंब न्हाई घेतला.”

तिचा विश्वास बसला नाही. मग बसला.

त्यानंतर दर महिन्याला ती जायची. कोंडाबाई शेंगदाण्याची चटणी, लोणचं बांधून द्यायची. ती दोघं त्या कातळाशी बसून खायची, खालून वारा वर यायचा आणि तिचा पदर उडायचा. भरत चिकूबद्दल बोलायचा, मालकाच्या म्हशीबद्दल बोलायचा. एकदा त्यानं विचारलं, “गेणभाऊच्या पोरीचा डोळा कसा हाय?” आणि उत्तर ऐकून मान खाली घालून बसला. सात वर्षांच्या संसारात तिला जेवढा नवरा मिळाला नव्हता तेवढा त्या पायऱ्यांवर मिळत होता. सांगावं, असं तिला दर वेळी वाटायचं. खिंडीशी पोचेपर्यंत वाक्य जुळवलेलं असायचं. त्याला हसताना पाहिलं की ती मनात म्हणायची, पुढच्या खेपेला.

पौषात ती गेली तेव्हा भरतच्या हातात कागदांची चवड होती. मंत्रालयात केलेलं अपील फेटाळलं होतं आणि वकिलानं सगळे कागद जानकूबरोबर पाठवून दिले होते. नोटीस आली तेव्हा भरतनं ती नीट वाचलीच नव्हती. आता शुद्धीत पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली होती.

“हे बघ.” त्यानं बोट ठेवलं. “साक्षीदार अ. ‘लग्नाच्या आदल्या दिवशी सदर इसमाने, उद्या वरातीत दाखवतो, अशी धमकी दिली.’ साधना, हे मी फकस्त जानकूफुडं बोललो व्हतो. गोठ्यामागं. तिसरं कुनी नव्हतं.”

तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

“माज्या पाटीशी उभा राहिला, वकील दिला, तारखांना आला. आन् आतून हे. का? टेम्पो त्याच्या हाती आला म्हनून?” भरतचा आवाज फुटला. “भावाच्या जागी मानायचो गं मी त्याला. उंबऱ्यात उभं करू नका त्याला. आईला सांग माजा निरोप.”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. हे तिला त्या क्षणीही कळत होतं. ती म्हणाली, “भावजी असं करायचे न्हाईत.”

“मग कोन? गोठ्यातली म्हस?”

भरत रडत होता, आणि दारू न पिता रडणारा भरत ती पहिल्यांदाच पाहत होती. आत्ता सांगितलं तर हा उठून खाली जाईल आणि पुन्हा वर येणार नाही, एवढंच तिला दिसलं.

निरोप तिनं कोंडाबाईला दिला नाही. पण भागूच्या मेव्हण्याकडून तो आलाच. कोंडाबाईनं भर बाजारात जानकूच्या दुकानासमोर उभं राहून त्याला शिव्याशाप दिले. “माज्या हातचं खाऊन माज्या लेकाला देशोधडीला लावलास! तुजं हात झडतील!” जानकू तार गुंडाळायचं थांबवून नुसता बघत राहिला.

संध्याकाळी तो दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच थांबला. कोंडाबाई मळ्यात होती. आरोही अंगणात खेळत होती.

“वहिनी,” तो म्हणाला, “मी जबाब न्हाई दिला.”

“ठाऊक हाय, भावजी.”

“तुमाला ठाऊक हाय?”

“म्हंजी, तुमी तसं करनार न्हाई, हे ठाऊक हाय.”

तो थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला. तिनं नजर आरोहीकडं वळवली. “भरतला सांगाल?” त्यानं विचारलं. “तुमी सांगितलं तर ऐकंल.” ती म्हणाली, सांगते. तो आणखी थोडा थांबला, जणू अजून काहीतरी यायचं बाकी होतं. मग चपला घालून निघून गेला.

भरतचं फाट्यावर टोळकं होतं, तीन-चार जणांचं. तो गेल्यापासून ते मऊ पडलं होतं. आता त्यांना काम मिळालं. फाल्गुनात, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी जानकूच्या दुकानाचं शटर खाली ओढलं आणि आत त्याला धरून पान्यानं त्याचा उजवा हात ठेचला. “भरतभाऊचा हिसाब” म्हणाले. हाडं जुळली, बोटं वाकेनात. तार गुंडाळणारा माणूस तो. महिना-दीड महिना दुकान बंद राहिलं, मग त्यानं अवजारं विकली आणि बायकोमुलांना घेऊन भोसरीला मेव्हण्याकडं निघून गेला. गावात कुणाला फार वाईट वाटलं नाही. चुगलीखोराचं असंच व्हायचं, असं माणसं म्हणाली. आणि भरत नसल्यानं आपला बाजार शांत झालाय, बायका नळावर निवांत जातायत, वृषाली सायकलवर शाळेत जातेय, हेही तीच माणसं म्हणाली.

जानकूचं सामान भोसरीला गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साधना घाटघरला गेली, शिमग्यानंतर पहिल्यांदाच. वाक्य तिनं जुळवलं नाही. पायऱ्या उतरून कातळापाशी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “अ म्हंजी मी.”

भरतला कळलं नाही.

“चुलीपाशी व्हते मी. खिडकीतनं ऐकलं. वृषालीचं बी मीच सांगितलं. जानकू भावजींनी कायबी न्हाई केलं. त्यांचा हात मोडला पोरांनी. बोटं वाकत न्हाईत. भोसरीला गेले काल.”

भरत खाली बसला. तो खालच्या सपाटीकडं, लांबच्या धुरकट शेतांकडं बघत होता. तो ओरडेल, मारेल, ह्याची तयारी करून ती आली होती. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“पोरीचं खरंच सांगितलंस,” तो म्हणाला. “त्यात खोटं काय न्हाई. मीच मारला दगड.” मग म्हणाला, “मला घालवलंस, त्याचा राग न्हाई. हितं आलो म्हनून मानसात आलो. पर त्या दिवशी मी हितं बसून जानकूच्या नावानं रडत व्हतो. तू भाकरी हातात घेऊन बसली व्हतीस. तवा का न्हाई बोललीस?”

“भ्याले.”

“मला?”

“तुमाला न्हाई. तुमी जाल, म्हनून.”

त्यानं मान हलवली. कळल्यासारखी हलवली, पण चेहरा काही सैल झाला नाही. “पोरांना मी मारायला सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “पर नाव माजंच घेतलं न्हवं त्यांनी?” मग तो उठला आणि पायऱ्या उतरू लागला. तिनं आणलेली चटणी कातळावर राहिली. वळणावर दिसेनासा झाला तेव्हा ती वर आली.

पुढच्या महिन्यात ती गेली, भरत आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मग भागूनंच सांगितलं, “वैनी, उगा खेपा नका मारू. भाऊ बरं हायेत. पीत न्हाईत.”

अठ्ठ्याण्णवच्या गौरी-गणपतीनंतर मुदत संपली आणि भरत घरी आला. लोकांनी त्याला बिचकत बिचकत रामराम केला. तो फाट्यावर गेला, टोळक्यातल्या एकेकाला गाठून म्हणाला, माझं नाव पुन्हा घ्यायचं नाही. गेणभाऊच्या हॉटेलात जाऊन उभा राहिला. गेणभाऊनं चहा पुढं ठेवला. तिसऱ्या दिवशी तो भोसरीला गेला आणि संध्याकाळीच परत आला. साधनानं विचारलं, “भेटले?” तो म्हणाला, “बायकूनं दार उघडलं. म्हनली, घरात न्हाईत. आत खोकला ऐकू आला.”

त्या रात्री साधना म्हणाली, “मी गावात सांगते सगळं. आत्याबाईंना आधी.”

“न्हाई सांगायचं.”

“भावजींच्या नावावरचा डाग—”

“गाव तुला जगू देनार न्हाई. नवऱ्याला तडीपार केलं म्हनतील. आरोहीला सुदिक पोरं बोलतील. आई तर तुला घरात ठिवनार न्हाई.” तो कूस बदलून पडला. “जानकू गेला. तो काय परत येत न्हाई.”

तिनं ऐकलं. ऐकणं सोपं होतं.

भरत पुन्हा प्यायला नाही. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. सकाळी टेम्पो घेऊन जायचा, आल्यावर जेवून झोपायचा. तिच्याशी कामापुरतं बोलायचा, तेही नीट, मान राखून. नळावरच्या बायका म्हणायच्या, “नशीब काढलंस बाई, मानूस किती सुधारला!” ती हो म्हणायची. पायऱ्यांवर वाऱ्यात बसून चिकूच्या गोष्टी सांगणारा माणूस मात्र घाट चढून वर आलाच नाही. आणि कोंडाबाईची रोजची देवपूजा जानकूला शाप दिल्याशिवाय पुरी व्हायची नाही. साधना फुलं निवडत ते ऐकायची. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं.

दोन हजार आठ साली आरोहीला पुण्यात नर्सिंगला घातलं. तिला भेटायला गेलेली साधना एका रविवारी परतीच्या एसटीत न बसता भोसरीच्या बसमध्ये बसली. पत्ता गेणभाऊनं दिला होता. तो अधूनमधून जानकूला फोन करायचा, हे तिला तेव्हाच कळलं.

दोन खोल्यांचं घर. जानकू आता एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. केस पांढरे झालेले. तिला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. “या वहिनी,” म्हणाला, खुर्ची पुढं सरकवली. बायकोनं चहा ठेवला. त्यानं कप डाव्या हातानं उचलला.

साधनानं चहाला हात लावला नाही. “भावजी, तो जबाब मी दिला व्हता.”

जानकूनं कप खाली ठेवला. “ठाऊक हाय,” तो म्हणाला.

“ह्यांनी सांगितलं?”

“कुनी सांगायला कशाला पायजे? गोठ्यामागं आमी दोघं, आन् खिडकीत तुमी. मला तुमच्या बांगड्या ऐकू आल्या व्हत्या त्या दिवशी. कोंडाबाई शिव्या देऊन गेली तवाच माज्या ध्यानात आलं.” तो शांतपणे बोलत होता, जुनी, दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसा. “तुमी लई चांगलं काम केलं व्हतं, वहिनी. माज्यात तेवढी धमक नव्हती. मी त्याला नुसता घरी आनून सोडायचो, आन् वाटायचं, मी दोस्ती निभावतोय. वाटलं, तुमच्या दारात जावं. तुमी मला तरी सांगाल. दुसऱ्या कुनाला नका सांगू, पर मला सांगाल. मग गावाचं काय बी मी सोसलं असतं. तुमचं नाव मी कदी काढलं नसतं.”

साधना त्याच्या उजव्या हाताकडं बघत होती.

“तुमी आरोहीकडं बघत बसला,” जानकू म्हणाला.

आतून त्याच्या बायकोनं भांडं जोरात आपटलं. जानकू उठला, तिला दारापर्यंत सोडायला आला. “आता सांगू मी गावात? आत्याबाईंना?” तिनं विचारलं. तो म्हणाला, “ते तुमचं तुमी बघा. मला आता तिथं काय काम न्हाई.”

ती आळ्याला आली आणि भरतला म्हणाली, मी आत्याबाईंना सांगतेय. भरतनं ह्या वेळी अडवलं नाही. कोंडाबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्यासारखीच होती, कान मात्र शाबूत. साधनानं तिच्या उशाशी बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोंडाबाई छताकडं बघत ऐकत होती. ही आता आपल्याला हाकलून देईल, असं साधनाला वाटलं. पण म्हातारी म्हणाली, “बारा वर्सं देवाम्होरं शाप दिलं मी त्याला. आता ते कुटून माघारी घिऊ?” मग काही वेळानं, “बोलाव त्याला.”

भरतनं गेणभाऊच्या फोनवरून निरोप दिला. जानकू आला नाही. पौषात कोंडाबाई गेली.

दहाव्याला नदीकाठी माणसं जमली होती. साधनानं तोवर नळावर, कुशाबाकडं, जिथं विचारलं तिथं सगळं सांगितलं होतं. काही बायकांनी बोलणं टाकलं, बरेच जण म्हणाले, आता इतक्या वर्षांनी त्याचं काय! वृषाली सासरहून आली होती, ती मात्र येऊन तिच्याजवळ बसली.

पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असताना साधनाला मागच्या बाभळीखाली जानकू दिसला. एकटाच, टोपी हातात धरून उभा. कधी आला कुणास ठाऊक. कावळा शिवला, माणसं उठली. जानकू पुढं आला, पिंडाला वाकून नमस्कार केला आणि जेवायला न थांबता रस्त्याकडं चालू लागला. भरत ओल्या धोतरानं, अनवाणी त्याच्या मागं गेला. साधना लांबून बघत होती. एसटीच्या थांब्यापाशी दोघं उभे होते, हातभर अंतरावर. भरत काहीतरी बोलत होता. जानकू ऐकत होता, रस्त्याकडं बघत. मग गाडी आली.

भरत परत आला तेव्हा त्याच्या पायाला फुफाटा लागला होता. साधनानं पाय धुवायला पाणी दिलं. काय बोलले ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पंगत बसली होती, वाढायला माणसं कमी पडत होती. ती पदर खोचून आमटीचं भांडं घ्यायला गेली.